टाकी खोटं बोलत नाही

अंधेरीच्या पूर्वेला लेण्यांची टेकडी आहे. तिच्या एका अंगाला, मुख्य लेण्यांपासून जरा दूर, कातळात खोदलेली पाण्याची दोन टाकी होती. एक वर, दुसरं त्याच्या खालच्या पायरीवर, आणि मध्ये पाच-सहा हात कातळ. पायथ्याचा पाडा खालच्या टाक्यावर पाणी भरायचा. मे महिन्यात आसपासच्या विहिरी आटल्या तरी ते आटत नसे. वरचं पाणी हिरवं, शेवाळलेलं होतं, ते कोणी पीत नसे. म्हणून खाणीच्या ठेकेदाराने वरचं टाकं डबराने बुजवायची परवानगी मागितली होती. त्याला लॉऱ्या वळवायला सपाट जागा हवी होती.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. मी नुकताच तिथल्या एका शाळेत शिक्षक म्हणून लागलो होतो. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. वडील कोकणातल्या एका लहान गावात पाथरवट होते. विहिरी खोदायचे, जुन्या विहिरींचा गाळ काढायचे. माझं सगळं शिक्षण त्यांच्या हातोडीवर झालं, हे मी आजही सांगतो.

पाड्यातली एक म्हातारी शाळेत आली. तिची नातवंडं आमच्याकडे शिकत होती. ती व्हरांड्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "वरचं टाकं आई हाय, खालचं लेक. आईला गाडली तर लेक पिणार काय?"

मी आणि आमचे चित्रकलेचे शिक्षक मोजणीच्या साहेबांकडे गेलो. साहेब सरळ माणूस होता. म्हणाला, "म्हातारीचं बोलणं मला कागदावर घेता येत नाही. वरून खाली पाण्याची वाट आहे, हे दाखवा. सोमवारी मी जागेवर येतो. नाही दाखवलीत तर मी सही करणार."

चित्रकलेचे शिक्षक पार्ल्याचे, तीन पिढ्यांचे मुंबईकर. त्यांना लगेच युक्ती सुचली. कपड्यांना घालायच्या निळीच्या पुड्या त्यांनी वरच्या टाक्यात रिकाम्या केल्या. वाट असेल तर खाली निळं पाणी दिसेल. दोन दिवस आम्ही पाहत राहिलो. खालचं पाणी नितळच.

"वाट नाही रे," ते म्हणाले. "म्हातारीने गोष्ट सांगितली आणि आपण ऐकली."

मी आधीच वडिलांना पत्र घालून, अशी वाट कशी ओळखायची ते विचारलं होतं. शुक्रवारी त्यांचं कार्ड आलं. त्यांना लिहिता येत नसे, पोस्टमास्तर लिहून देत. आशीर्वादाखाली एवढंच होतं: 'टाकी बघ. टाकी खोटं बोलत नाही.'

वडिलांचा शब्द मला प्रमाण. शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर मी खालच्या टाक्याच्या काठावर जाऊन बसलो आणि आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने खूण केली. पाणी किती चढतं, किती उतरतं, ते बघत दिवस मावळेपर्यंत बसलो. पाण्याने काहीही सांगितलं नाही.

रविवारी सकाळी पाड्याने आपापले हंडे भरून घेतले आणि टाकं आम्हाला मोकळं करून दिलं. पाणी दोन पुरुष खोल होतं. लहानपणी वडिलांबरोबर मी विहिरीत बुड्या मारून गाळ काढलेला, त्यामुळे उतरायचं मीच. कमरेचा दोर शाळेच्या शिपाईमामांच्या हातात होता. ते वर्सोव्याचे कोळी.

"एक झटका दिला की सैल सोडा, दोन दिले की ओढा," मी म्हणालो.

"ते मला कळतं," मामा म्हणाले. "समुद्रात माणूस गेला तर नाव तरी राहतं. या डबक्यात गेलास तर मी तुझ्या बापाला काय लिहू?"

चित्रकलेचे शिक्षक न्हाव्याकडून मोठा आरसा मागून आणून काठावर उभे होते. आरशाने ते ऊन पाण्यात सोडत. पहिल्या बुडीत त्या उजेडात मला दिसलं, की डोंगराकडच्या भिंतीत, अगदी तळाशी, एक चौकोनी तोंड आहे. माणूस सरपटत जाईल एवढं, पण गाळाने भरलेलं. खुरप्याचा पहिला हात मारला आणि पाणी गढूळ झालं. त्यानंतर आरसा निरुपयोगी ठरला.

मग सगळं काम हाताच्या अंदाजाने. बुडी मारायची, दम असेल तोवर खुरपायचं, घमेल्यात गाळ भरायचा, वर यायचं. मामा घमेलं ओढून घेत, म्हातारी आणि तिच्या सुना ते रिकामं करत. दुपारपर्यंत मी कमरेपर्यंत आत शिरू लागलो. पुढे मात्र गाळ विटेसारखा घट्ट लागला.

मी वर येऊन धापा टाकत होतो. चित्रकलेचे शिक्षक म्हणाले, "हा नुसता कोनाडा आहे. खोदायला घेतला, कंटाळले, सोडून दिला. लेण्यांत असे अर्धवट कोनाडे किती आहेत. आता थांब. उगाच जीव घालवशील."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कोनाडा असेल तर सोमवारी सही होणार, हेही खरं होतं. म्हातारीने मला गुळाचा खडा दिला.

मी शेवटची म्हणून बुडी मारली. आत सरपटलो आणि आधारासाठी छताला हात लावला. छतावर बारीक खाचा होत्या. बोटं आपोआप त्यांवरून फिरली, आणि मला माझीच लाज वाटली. वडिलांनी लिहिलेली टाकी म्हणजे पाण्याची टाकी नव्हेच. टाकी म्हणजे त्यांच्या हातातली, दगड फोडायची छिन्नी. आमच्या घरात त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. मुंबईत चार वर्षं नळाचं पाणी पिऊन मी तो विसरलो होतो.

टाकीचा घाव सुरू होतो तिथे निमुळता असतो, संपतो तिथे कपचा उडून रुंद होतो. बोट फिरवलं की कारागीर कुठे तोंड करून बसला होता ते कळतं, हे वडिलांनी मला अंधाऱ्या विहिरीत शिकवलं होतं. माझ्या डोक्यावरचे घाव माझ्यापासून पुढे जात होते. मी हात लांबवला. हातभर पुढे घाव उलटे झाले. ते माझ्याकडे तोंड करून येत होते. म्हणजे पलीकडूनही कोणीतरी खोदत आला होता. दोघे इथे भेटले होते.

मी दोन झटके दिले. वर येताच म्हणालो, "पहार द्या."

"काय झालं?" चित्रकलेच्या शिक्षकांनी विचारलं.

मी कार्डाचा अर्थ सांगितला. ते हसत सुटले. "बी.ए. झालास आणि बापाचं कार्ड वाचता येईना तुला."

पाड्यातली लांब पहार घेऊन मी आत गेलो आणि घाव जिथे भेटले होते तिथे ती रेटली. चौथ्या बुडीला ती एकदम सैल गेली. मागे ओढली तशी थंड पाण्याची धार तोंडावर आली. वर आलो तेव्हा सगळे माझ्याकडे नाही, पाण्याकडे बघत होते. माझ्याभोवती निळा ढग पसरत होता.

"पाणी निळं केलंस, मास्तर," म्हातारी म्हणाली. "आता हे पिऊन आमची लुगडी आतूनच पांढरी व्हायची."

चित्रकलेच्या शिक्षकांना आता सगळी वाट मोकळी करायची होती. साहेबासमोर धबधब्यासारखं पाणी येऊ दे, म्हणत होते. मी नाही म्हणालो. नीळ का आली नव्हती, ते आता कळत होतं. गाळ पाणी गाळून, थेंबाथेंबाने सोडत होता, म्हणून पाड्याला मेपर्यंत पुरत होतं. वाट पुरती उघडली तर आठ दिवसांत सगळं संपेल, आणि येईल तेही हिरवं. मी पहारीने पडलेलं भोक रेव आणि गाळाने पुन्हा ठासून बंद केलं.

सोमवारी साहेब आले. निळीवर त्यांचा विश्वास बसला नाही. ते वरच्या टाक्याशी उभे राहिले आणि त्यांनी एक बांबू तळाशी धरला. मी खालून पहार घातली. टोक बांबूला लागलं, तीनदा, ठरल्याप्रमाणे. मी भोक पुन्हा बुजवून बाहेर आलो तेव्हा ते लिहायला बसले होते.

"टाकीच्या खुणांवरून, असं तुम्ही म्हणता. कुठल्या टाकीच्या?"

"छिन्नीच्या, साहेब. वडिलांनी ओळखायला शिकवलंय. ते पाथरवट आहेत."

त्यांनी ते तसंच लिहिलं: पाथरवटाच्या सांगण्यावरून वाट सापडली, वरचं टाकं बुजवू नये. खाली सही केली. माझ्या वडिलांचं म्हणणं सरकारी कागदावर चढलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि दोनदा वाचलं.

मी घरी सविस्तर पत्र लिहिलं. निळीचं, पहारीचं, साहेबांच्या कागदाचं; भोक पुन्हा बुजवल्याचं तेवढं लिहायचं राहून गेलं. उलट टपाली कार्ड आलं. शाबासकी त्यात नव्हती. आशीर्वादाखाली पोस्टमास्तरांच्या अक्षरात एकच ओळ होती: 'गाळ सगळा काढला नाहीस ना?'

मी त्याच दिवशी उत्तर टाकलं. नाही काढला, बाबा.