चांदीच्या काट्यावरचे पिस्टन

"नवं नको भाऊ, खरं दखाड."

धुळ्याच्या भंगार बाजारात कुठल्याही दुकानासमोर अक्का उभ्या राहिल्या की पहिलं वाक्य हेच. दुकानदार डब्यातला कोरा माल पुढे करायचा, अक्का तिकडे बघायच्याही नाहीत. पदर खोचून त्या जुन्या सामानाच्या ढिगाजवळ बसायच्या आणि वांगी निवडावीत तसे लोखंडाचे तुकडे उचलून, फिरवून, नखाने खरवडून बघायच्या. मी मागे पिशवी धरून उभा. बाजार हसायचा. मलाही लाज वाटायची, खोटं कशाला बोलू?

मी त्यांच्या मोटारीवर कंडक्टर होतो. जळगाव–धुळे रस्त्यावर तेव्हा खासगी मोटारी धावत. कुणाच्या चार, कुणाच्या सहा, अक्कांची एक. यजमान गेले ते ही मोटार, तिचा परवाना आणि वस्ताद नावाने सगळीकडे ओळखला जाणारा एक चिडखोर ड्रायव्हर एवढं मागे ठेवून. दिरांनी सांगितलं, विकून मोकळ्या व्हा. अक्का म्हणाल्या, "इकीसन खादं ते कितला दिन पुरी?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारस्टँडवर येऊन बाकावर बसल्या. त्या तिथून पुढे रोजच बसल्या.

आमच्या मोटारीला दमा होता. सपाटीला धावायची, पण नाल्याचा चढ आला की घरघर सुरू. मग मी दार उघडून विनवण्या करायच्या आणि बाप्या माणसांनी उतरून ढकलायचं. एरंडोलचा एक व्यापारी दर वेळी विचारायचा, "मास्तर, ढकलायची मजुरी तिकिटातून वळती करता का?" मागून दुसऱ्या कंपनीची नवी गाडी भोंगा वाजवत पुढे जायची आणि पुढच्या थांब्यावरचे उतारू ती उचलून न्यायची.

त्यात अक्कांची शिस्त. गाडी थांबली की इंजिन बंद. "पेट्रोल म्हंजे पानी नही शे, वस्ताद." मग वस्तादने उन्हात उतरून हँडल मारायचं, आणि तोंडातल्या तोंडात अक्कांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. अक्कांना ते ऐकू जायचं.

एका बाजाराच्या दिवशी पारोळ्याच्या अलीकडे इंजिनातून धाडदिशी आवाज झाला आणि सगळं शांत झालं. बैल लावून गाडी अक्कांच्या अंगणात आणली. वस्तादने इंजिन उघडलं आणि हात पुसत बसून राहिला. आतलं जवळजवळ सगळंच गेलं होतं. अक्कांच्या हाताशी पैसे होते ते अर्ध्या सामानाला पुरतील एवढे. आणि गाडी फार दिवस उभी राहिली तर परवाना जाणार होता. परवाना गेला की अक्कांचं घर, वस्तादचं घर आणि माझं घर, तिन्ही चुली एकदम विझणार. त्या अंगणात तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात हेच होतं.

वस्तादचं मत ठरलेलं. "मोठा कार्ब्युरेटर टाकू, अक्का. हेड घासून घेऊ. गाडी उडंल."

"उडानं तिकीट कोनी काढेल शे?" अक्का म्हणाल्या. मग त्यांनी वस्तादला एकच गोष्ट विचारली. यातलं काय मोडलं तर बाकीचं सगळं वाया जाईल? वस्तादने डोकं खाजवलं आणि नाइलाजाने खरं ते सांगितलं. क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, आणि त्याचे बेअरिंग. सगळा भार त्यावर.

झालं. पैसा तिकडे गेला. क्रँक लष्कराने निकालात काढलेल्या ट्रकमधला, ढिगातून अक्कांनीच ओढून काढलेला आणि वस्तादने मापून घेतलेला. बेअरिंग मात्र कोरे. अक्कांनी आयुष्यात घेतलेली तेवढीच नवी वस्तू मी पाहिली. कार्ब्युरेटर जुनाच धुऊन लावायचा ठरला. वस्तादने दोन दिवस जेवण टाकलं. तिसऱ्या दिवशी अक्कांनी त्याला शेवभाजी पाठवली, तेव्हा तो रुसवा संपला.

मी एकदा न राहवून विचारलं, "अक्का, सरकारी मोटारी येणार म्हणतात. मग हा खटाटोप कशाला?"

"येतीन तव्हय येतीन. तवलोंग लोकेस्नी ढकलतच ऱ्हावानं का?"



राहिले पिस्टन. नव्यांना पैसे नव्हते. दुकानदाराने एक पोतंभर जुने पिस्टन पसंतीवर दिले, नको ते परत करायचे. माप एकच, पण घडण वेगवेगळ्या कारखान्यांची. वस्ताद पोतं ओतून बसला. "एक जड, एक हलका. गाडी थरथरणार, आणि ते नवे बेअरिंग महिन्यात खाऊन टाकणार."

"मंग वजन करी ल्या."

"अक्का, फरक तोळ्यातल्या मासा-दोन माशांचा. किराणावाल्याच्या काट्याला काय कळणार?"

अक्का उठल्या. "मंग सोनारकडे चला."

मला वाटलं, थकून बोलताहेत. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पोतं घेऊन खरोखरच जळगावला, त्यांच्या माहेरच्या सोनाराच्या पेढीच्या पायऱ्या चढत होतो. पिस्टन मी रात्री राखेने घासले होते. सोनार वयस्कर, अक्कांना लहानपणापासून ओळखणारा. पोत्यात काय आहे ते पाहून त्याने हात जोडले. "बाई, या काट्यावर लक्ष्मी बसते."

अक्कांनी पोत्यावर हात ठेवला. "मनी लक्ष्मी आते हाईच शे, नाना."

नानांनी अक्कांच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, उसासा टाकला आणि चांदी तोलायचा मोठा काटा खाली काढला.

सबंध दुपार ते चाललं. वस्ताद पिस्टन ठेवी, नाना वजन टाकीत, मी खडूने आकडा लिही. लग्नाच्या खरेदीला आलेली एक बाई बराच वेळ बघत होती. तिने एक पिस्टन उचलला, उलटा केला आणि म्हणाली, "पेला जड आहे हो, पण बाजूला भोकं कशाला ठेवली?" वस्तादला त्या महिन्यात मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

जवळपास सारख्या वजनाचे सहा निघाले, इंजिनाला लागतात तेवढेच. त्यांतही दोन अंमळ जड. वस्ताद तिथेच मांडी घालून त्यांना आतून कानशीने घासायला लागला, तशी पेढीतल्या कारागिराने त्याच्या मांडीखाली ताट सरकवलं. त्या पेढीची रीतच ती. दागिना घासताना जो चुरा पडेल तो गिऱ्हाइकाला परत. काम संपलं, काटा स्थिर राहिला, आणि त्याने तो पिस्टनचा चुरा कुंचल्याने गोळा केला, गुलाबी कागदात पुडी बांधली आणि गंभीरपणे अक्कांपुढे धरली. "ही तुमची घट."

अक्कांनी ती पुडी दोन्ही हातांनी घेतली आणि कनवटीला लावली. त्या वेळी कुणाला हसू आलं नाही.

इंजिन जमलं. ते कसं जमलं हे मला शब्दात सांगता यायचं नाही, मी तिकिटं फाडणारा माणूस. पण नाल्याचा चढ ती भरल्या पोटी चढली, आणि मी सवयीने दार उघडलं ते तसंच लावून घेतलं. त्या दुसऱ्या कंपनीच्या नव्या गाडीच्या आधी आम्ही पारोळ्याला पोचू लागलो. मात्र एक नवीच कटकट सुरू झाली. लोक झोपायला लागले. एरंडोलला उतरणारा एक शेतकरी जळगावला जागा झाला आणि माझ्याच अंगावर आला. "मोटार हालतच नही, ते जाग कशी येई?" मी ही तक्रार अक्कांना सांगितली. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

तो हंगाम बरा गेला. पुढच्या हंगामाला सरकारी मोटारी आल्या. आमचा परवाना संपला तो पुन्हा झाला नाही. कुणाचा दोष म्हणणार? पुढे मलाही सरकारी मोटारीवरच नोकरी लागली, आणि अक्कांच्या घरावरून जाताना मी घंटी मारायचो. ओट्यावरून त्या हात वर करायच्या. मग एका उन्हाळ्यात ओट्यावर कुणी दिसेना, आणि घंटी मारायला उचललेला हात मी खाली घेतला. अक्का गेल्या तेव्हा मी परगावी ड्यूटीवर होतो. मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं नाही, याचं वाईट अजून वाटतं.

पण माझ्या मनात त्या आहेत त्या आमच्या मोटारीच्या शेवटच्या फेरीच्या संध्याकाळच्या. उतारू सोडून आम्ही गाडी अंगणात आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला येणार होता. इंजिन तेलाच्या घाण्यासाठी कुणीतरी मागितलं होतं, पण तो व्यवहार फिसकटला होता. आता सगळं सुटं होऊन विकलं जाणार होतं. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. वस्तादने सवयीने किल्लीकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या," अक्का म्हणाल्या. "चालू द्या."

वस्तादने माझ्याकडे पाहिलं. मी उतरून ओट्याजवळ गेलो. मग तोही उतरून ओट्याच्या पायरीवर येऊन बसला. अंगणात उभी गाडी एका लयीत चालत राहिली. अक्का भिंतीला टेकून ऐकत होत्या. शेजारची बाई दिवा लावायच्या वेळेला डोकावून गेली. पेट्रोल जळत होतं आणि आम्ही तिघं ते जळू देत होतो. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. बऱ्याच वेळाने इंजिनाने दोन आचके दिले आणि टाकी रिकामी होऊन ते आपलं आपण बंद पडलं.

अक्का खाली उतरल्या. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

"तापेल शे," त्या म्हणाल्या. "सकायलोंग थंड व्हई जाई."