झाकणाचं खोबरेल

पोहे परतता परतता तेजलने उलथण्यासकट एक गिरकी घेतली. इगतपुरीच्या जंगलातल्या हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांवर काय असतं, हे ती नाशिकच्या कॉलेजात शोधत होती. गाळणकागदावर पकडलेल्या कणांवर आज अवरक्त किरण सोडले, तर पडद्यावरची रेघ तेलाची खूण दिसते तिथे टेकडीसारखी उठली.

"आई, झाडं वास सोडतात ना, त्याची कणांवर तेलकट साय धरलीय."

भिमाबाईंनी गॅस बारीक केला. "कागद माझ्या स्टीलच्या डब्यातून नेले होतेस ना? झाकण निघत नव्हतं, म्हणून मी कडेला खोबरेल लावलं होतं."

उलथणं जागीच थांबलं. म्हणजे ती टेकडी जंगलाची की आईच्या खोबरेलाची?

मग तिला आठवलं. हवा न दाखवलेला एक कोरा कागद त्याच डब्यातून जाऊन आला होता. तेल लागलं असेल, तर त्यालाही लागलं असणार. एक चप्पल स्वतःची, एक आईची घालून ती स्कूटीवर बसली.

कॉलेजात कोऱ्या कागदाची रेघ पोळपाटासारखी सपाट निघाली. तेजलने यंत्राभोवती एकटीनेच फुगडी घातली आणि घरी फोन लावला.

"आई, तुझं तेल झाकणालाच राहिलं. साय जंगलाचीच आहे."

"बरं झालं. आता डबा घरी आण, कुरडया ठेवायच्यात."

"डबा नाही मिळणार. इतकं घट्ट झाकण इथे कशालाच नाही."

"मग कुरडया काय तुझ्या यंत्रात ठेवू?"