शांताबाईची तक्रार

"काम झालं. वायरमन खाली हाय. लाइन सोडा आता!"

ग्रुपवर गावातल्या गजाननचा मेसेज आला, सोबत फोटो. खांबाखाली आमचा वायरमन किसन, हातात पाण्याची बाटली.

मी सेनगावकडच्या एका सबस्टेशनवर ऑपरेटर. गाव आणि तांडा एकाच फीडरवर, म्हणजे एकाच लाइनवर. लोकांनी सारखे फोन करू नयेत म्हणून हा ग्रुप मीच काढला होता. फोन थांबले, पण भांडणं तिथं सुरू झाली. गाव म्हणतं तांडा मोटारी जादा लावतो, तांडा म्हणतो लाइट गावालाच देता. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, सगळ्यांचीच डोकी तापलेली.

वायरमन खांबावर चढण्याआधी आमच्याकडून परमिट घेतो. म्हणजे लाइन बंद. ज्यानं घेतलं त्यानंच फोन करून ते परत करायचं, मगच लाइन चार्ज, म्हणजे चालू करायची. किसन दर वेळी एकच सांगतो, "भाऊ, दोन्ही पाय जमिनीवर हायेत."

तो फोन आला नव्हता. मी लावला. रिंग गेली, उचलला नाही. तीनदा लावला.

तेवढ्यात जेई साहेबांचा, आमच्या ज्युनिअर इंजिनिअरचा फोन. "अहो, ग्रुपवर फोटो आलाय. वाट कसली बघताय? इकडं लोक माझा जीव खाताहेत!"

"साहेब, परमिट परत आलं नाही."

"मग फोटो काय खोटा आहे?"

फोटो खोटा नव्हताच. आता लपवून काय करू, मी उठलो आणि लाइन चालू करायच्या ब्रेकरच्या हँडलवर हात ठेवला.

मोबाइल वाजला. ग्रुपवर तांड्यावरची शांताबाई. सकाळपासून ती किसनला नावं ठेवत होती. आता तिनंही फोटो टाकला होता. "बघा, आमची लाइट बंद करून ह्यो वायरमन आत्ता खांबावर आरामात बसून राहिला. ह्यो गावाचाच माणूस हाय."

ओढ्यापलीकडचा खांब. वर किसन. दोन्ही हात तारेला.

मी हँडल सोडलं.

पाऊण तासानं किसनचा फोन आला. "भाऊ, दोन्ही पाय..."

"फोन कुठं घातला होता रे?" मी ओरडलोच.

"गाडीच्या डिक्कीत. पाणी प्यालो अन् पुढच्या खांबावर चढलो. काहून? काय झालं?"

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शांताबाईला काई बोलू नका."

गजाननचा फोटो खरा होता, फक्त वीस मिनिटांपूर्वीचा. तेवढ्यात माणूस मेला असता, माझ्या हातानं. तेव्हापासून किसनचा आवाज ऐकल्याशिवाय हँडलला हात लावत नाही, मग साहेब कितीही ओरडोत.

लाइन चालू झाली तशी ग्रुपवर गाव आणि तांडा पुन्हा जुंपले. आजही जुंपतात. शांताबाई रोज किसनची तक्रार टाकते. तिची एकही तक्रार मी न वाचता सोडत नाही.