चांगुणाबाईची मुकादमी

बोरीतल्या अकरा बायकांच्या खुरपणीच्या टोळीला पंचवीस वर्षं एकच मुकादमीण होती, चांगुणाबाई. मुकादमीण म्हटलं की दणकट आवाजाची, कमरेवर हात ठेवून उभी राहणारी बाई डोळ्यांसमोर येते. चांगुणाबाई तशी मुळीच नव्हती. अंगाने काडी, आणि आवाज असा की शेजारच्या बाईलाही "काय म्हणालीस?" असं विचारावं लागे.

संध्याकाळी विहाराच्या पायऱ्यांवर टोळी जमायची आणि उद्या कुणाच्या रानात जायचं ते ठरायचं. चांगुणाबाई आधी सगळ्यांना बोलू द्यायची. पहिली बोलायची रेणुका. तिला थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. मग बबिता खोट काढायची. रान लांब आहे, प्यायला पाणी नाही, मालक तिरसट आहे. दोघींचं भांडण रंगात आलं की चांगुणाबाई सगुणाबाईकडे वळायची. ही बाई दिवसभरात चार शब्द बोलली तरी पुष्कळ. "सगुणे, तुला काय वाटायलंय?" एवढं विचारून चांगुणाबाई उत्तर येईपर्यंत बसून राहायची. मगच निकाल. वेळ जायचा, रेणुका चरफडायची, पण टोळी कधी फुटली नाही.

यंदा गुडघ्यांनी दगा दिला. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, उकिडवं बसायचं नाही. खुरपणाऱ्या बाईला हे सांगणं म्हणजे घरी बस म्हणणंच. चांगुणाबाईने मुकादमी रेणुकाकडे दिली. गुडघ्यांचं तिला फारसं काही वाटलं नाही. आपल्यामागे टोळी टिकेल का, हा घोर मात्र तिला लागून राहिला.

रेणुकाने पहिल्याच आठवड्यात घोळ घातला. सोयाबीन खुरपायला या म्हणून दिनकररावांचा फोन आला. "उद्या येताव," ती म्हणाली. अर्ध्या तासाने उद्याच्याच खुरपणीसाठी तात्याराव स्वतः पायऱ्यांपाशी येऊन उभे राहिले. त्यांनाही ती "येताव" म्हणून मोकळी झाली, कारण टोळीची जुनी रीत अशी की समोर आलेल्या माणसाला दिलेला शब्द तोच खरा. ही रीत फोनच्या आधीची. फोनवरचा शब्द धरायचा की नाही, हे तिने कुणालाच विचारलं नाही.

सकाळी रस्त्यावर दोन गाड्या. बायकांची तिथेच जुंपली. उरलेल्या दहांपैकी पाच जणी एकीत चढल्या, चार दुसरीत, आणि सगुणाबाई खुरपं घेऊन सरळ घरी गेली. दोन्ही रानं अर्धी राहिली. तात्याराव संध्याकाळी भडकले, "आता तुमच्या नादी लागत न्हाई. तणनाशक मारतो." दिनकररावांचंही तेच. तणनाशक एकदा रानात आलं की खुरप्याला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई काठी टेकत विहाराकडे निघाली. रेणुकाला न दुखवता कसं सांगायचं, ते वाटेत मनाशी जुळवत होती. पण भिंतीच्या कडेला पोचली तर टोळीचं बोलणं सुरूच झालेलं. ती तिथेच थांबली.

"माझं चुकलं. घाई झाली," रेणुका म्हणत होती.

"आता बोलून काय उपेग? गिऱ्हाइकं गेली की," बबिता म्हणाली.

"मी घरी कामून गेले?" हा आवाज सगुणाबाईचा. कुणी विचारलं नव्हतं, तरी ती बोलत होती. "मला कुणी इचारलंच न्हाई म्हणून. आता ऐका. फोन आधी आला, तर उद्या समद्या मिळून दिनकररावाकडं. परवा तात्यारावाकडं. दोघांनाबी आत्ताच जाऊन सांगायचं. रेणुका बोलंल. बबिता संगं जाईल, म्हंजे ही तिसऱ्याला शब्द देऊन येणार न्हाई."

बायका खो खो हसल्या. बबिताने खोट काढायला तोंड उघडलं, पण ती सापडेना, म्हणून मिटलं. (नंतर दोघेही मालक कुरकुरत का होईना, कबूल झाले.)

"चांगुणामायला इचारायचं का?" कुणीतरी म्हणालं.

"तिला कशाला तरास? ठरलंय की आपलं," रेणुका म्हणाली, आणि कुणीच नाही म्हटलं नाही.

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा टोळीने चांगुणाबाईला वगळून काही ठरवलं होतं. तिला लागलं, चांगलंच लागलं. आणि आनंद तर इतका झाला की भिंतीला टेकून तिने डोळ्यांना पदर लावला. रेणुका आणि बबिता भांडत भांडत तात्यारावांच्या घराकडे निघाल्या, तेव्हा त्यांना दिसू नये म्हणून ती भिंतीआड सरकली.