घागऱ्यातलं स्थळ

माझ्यासाठी आलेल्या स्थळाचा फोटो आईने मोबाइलवर पाहिला आणि ती हातातल्या खुरप्यासह दारातच बसली. मुलगा फौजेत आहे, उदगीरकडचा आहे, आपल्याच समाजाचा आहे, एवढं मध्यस्थ काकांनी सांगितलं होतं. फोटोत मात्र त्याने चौकड्यांचा घागरा घातला होता. खाली जाड मोजे, मधे उघडे गुडघे, कमरेपुढे लोंबणारी केसाळ पिशवी आणि काखेत काहीतरी फुगीर.

"काखेत काय हाय? कोकरू?" आईने विचारलं.

मी शाळेत शिकवते. कॉलेजची पायरी चढलेली आमच्या घरातली मी पहिली, आणि तीही आई मुखेडच्या शिवारात लोकांच्या रानात खुरपत राहिली म्हणून. मी मोबाइलवर शोधलं आणि तिला समजावलं, की हा फौजेचा बँड आहे, काखेत वाजवायचं वाद्य आहे आणि ह्या पोशाखाला किल्ट म्हणतात. तिकडे पुरुषच तो घालतात.

"तिकडचं मला सांगू नको. घागरा घालणारा गडी मी घरात बघितलाय."

आईचे वडील पोतराज होते. गावाने धम्मदीक्षा घेतली, घरोघरचे देव नदीत गेले, तरी त्यांनी बरीच वर्षं केस कापले नाहीत. खणांचा घागरा नेसून, पायात घुंगरू बांधून, उघड्या अंगावर कोरड्याचे फटके ओढत ते मरीआईच्या नावाने दारोदार मागायचे. जत्रेत बळीचं कोकरू काखोटीला मारून उभे राहायचे. मागे डोक्यावर देव्हारा घेतलेली आजी, आणि आजीच्या मागे धान्याची झोळी सांभाळणारी लहानगी आई. ह्या मुलाचं घरही अजून पोरं देवीला सोडतं आणि फौजेचं नाव सांगून लपवतं, असा आईचा संशय होता. तो देव्हारा माझ्या डोक्यावर यायला नको होता.

म्हणून घर बघायला आम्ही दोघी गेलो. मुलीने जायची रीत नाही, पण वडील नाहीत, आणि एकटीने बघितलेलं पुरेल असं आईला वाटेना. घरात बुद्धाची तसबीर होती. "आमच्याबी घरी व्हती, तवासुद्धा," आई माझ्या कानात म्हणाली. मग न्हाणी कुठं आहे असं विचारत तिने मागची खोली, माळा, चुलीमागचा कोनाडा, सगळं पाहून घेतलं. मुलगा टोपी घालून बसला होता.

"टोपी काढ बाबा, गरमतंय."

त्याने काढली. केस बारीक कापलेले होते. आईचा चेहरा बदलला नाही.

"तो घागरा दाखीव."

"मावशी, तो सरकारी आहे. तिकडंच जमा असतो."

"त्या पिशवीत काय घेता?"

"काही नाही. शोभेची आहे."

"रिकामी पिशवी बांधून कोण फिरतं?"

चहा घेऊन आलेली त्याची आई खाली बसली.

"अक्का, तुम्ही काय हुडकून राहिल्या ते कळलं मला. माझा सासरा पोतराज व्हता. मी नांदायला आले तवा त्याच्या माघं देव्हारा मीबी वाहिला. ह्यानं पहिला फोटो धाडला तवा मला जेवण ग्वाड लागलं न्हाई."

मुलगा तिच्याकडे बघतच राहिला. त्यालाही हे नवं होतं.

"मंग?" आईने विचारलं.

"मंग काय, पगार आला. पोतराजाला कुठं पगार असतो?"

मला हसू आलं. आईला आलं नाही. इतकं मोकळं बोलणाऱ्या बाईचाही तिला संशयच आला असावा.

मुलगा आम्हाला स्टँडवर सोडायला आला. बस लागायची होती. तोवर आईचा संशय थोडा माझ्यातही उतरला होता.

"तसं लोकांपुढं उभं राहायला लाज नाही वाटत?" मी विचारलं.

तो जरा थांबला. "पहिल्या वर्षी लई वाटली. मग लाज गेली, थंडी राहिली. परेडला गुडघ्यांवर काही घालता येत नाही. काकांना तोच फोटो मुद्दाम दिला मी. लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळावं."

आई आमच्याकडे पाठ करून उभी होती. बस निघाल्यावर ती म्हणाली, "खोटं सांगणारा असता तर देशाचं, इज्जतीचं काही तरी सांगितला असता. थंडीचं कोण सांगतं?"

तिने खिडकीची काच ओढून घेतली.

"माझा बाप कोरड्याच्या वळांचं कधी बोलला न्हाई. घरी आला की गुडघे गारठले म्हणायचा. माय वीट तापवून फडक्यात गुंडाळून द्यायची."

आजोबांविषयी ती चिडून सांगायची, तेवढंच मला माहीत होतं. ह्या वेळी तिच्या आवाजात चीड नव्हती. आणि मग, स्थळं यायला लागल्यापासून पहिल्यांदाच, तिने मला विचारलं, "तुला कसा वाटला?"

"बरा वाटला."

"नुस्ता बरा?"

"चांगला वाटला."

तिने पदर सारखा केला. "मंग हो म्हण. पर लग्नात पँट घाल म्हणावं त्याला."