उखर्डूभाऊ आणि न आलेला शब्द

उखर्डूच्या आधी यशोदाबाईंची दोन मुलं गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा सुईणीने त्याला उकिरड्यावर टेकवला, उचलला आणि तेच नाव ठेवलं. नाव असं असलं तरी घर खाऊनपिऊन सुखी होतं. नशिराबादच्या शिवारात केळीचा मळा, दारात बैलजोडी, पाठचा भाऊ भटू, आणि वयात येताच झालेलं लग्न. बायकोचं नाव ताईबाई.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी उखर्डूच्या पायाला विळा लागला आणि जखम चिघळली. जळगावात गुण येईना म्हणून कुणीतरी त्याला धुळ्याच्या बाजूला एका मिशन दवाखान्यात नेलं. पाय वाचला. तिथे शेजारच्या खाटेवर एक म्हातारा भिल्ल होता. त्याला वाचता येत नसे, पण येशूच्या गोष्टी तोंडपाठ होत्या. हरवलेल्या मेंढराची गोष्ट तो इतक्यांदा सांगे की उखर्डू कंटाळून भिंतीकडे तोंड करून पडे.

घरी परतल्यावर मात्र त्या गोष्टी त्याचा पिच्छा सोडेनात. एका दुपारी तो मळ्यात केळीला पाणी देत होता. मागून कुणीतरी त्याला हाक मारली. नावाने, आणि फार मायेने. त्याने वळून पाहिलं. केळीची पानं तेवढी हलत होती. पुन्हा हाक आली. पाटाचं दारं तुंबून पाणी शेजारच्या वाफ्यात गेलं तरी तो तसाच उभा होता.

संध्याकाळी त्याने ताईबाईला सांगितलं. ती चुलीपाशी होती. "कोनाचा आवाज व्हता?" तिने विचारलं.

"मले वाटते, त्याचाच."

ताईबाईने भाकर उलटली.

काही महिन्यांनी त्याने धुळ्याला जाऊन बाप्तिस्मा घेतला. आबांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, दारातूनच सांगितलं, "तू आमाले मेला." नुसतं बोलून ते थांबले नाहीत. त्यांनी पोराचं तेरावं घातलं. त्या दिवशी भावकीतल्या बायका ताईबाईच्या बांगड्या फोडायला आल्या. तेव्हा यशोदाबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. "माहा पोरगा जिता हाये," त्या म्हणाल्या. "इच्या बांगड्याले कोनी हात लावायचा नही." जन्मात नवऱ्यापुढे आवाज न चढवलेली बाई. आबा उठून मळ्याकडे निघून गेले. ताईबाईचं कुंकू राहिलं आणि ती सासरीच राहिली.

मिशनने उखर्डूला प्रचारक म्हणून शिंदखेड्याला पाठवलं. प्रार्थनामंदिराच्या मागे एक खोली, एक खाट आणि एक खंजिरी. बाजाराच्या दिवशी तो लिंबाखाली उभा राहून भजन म्हणे आणि मग बोलू लागे. त्याची पूर्वेकडची बोली ऐकून अहिराणी बोलणारी माणसं हसत. कुणी ऐके, कुणी खडा मारी. एखादा शेतकरी मिरच्यांचं पोतं सावरत म्हणे, "भाऊ, मानूस तुम्ही चांगला शेतस, पन घर काब्रं सोडं?" घर का सोडलं, हे कोडं त्यांना सुटत नसे.

तिथल्या ख्रिस्ती मंडळीतही तो पुरता मिसळला नाही. तिथे भिल्ल होते, गावाबाहेरच्या वस्तीतले लोक होते. त्यांनी वर्षानुवर्षं त्याच्यासारख्यांच्या विहिरीपासून लांब उभं राहून पाणी मागितलं होतं. तो त्यांच्या ताटाशी बसून जेवला तरी त्यांच्या मनातली अढी एकदम कुठून जाणार? एका नाताळाला प्रत्येकाला वाटलं, प्रचारकभाऊ दुसऱ्या कुणाकडे जेवायला गेले असतील. उखर्डूने खोलीत शिळी भाकर तेल-तिखटाशी खाल्ली. वस्तीतून ढोल ऐकू येत होता. त्यालाही वाटलं, आपण उठून जावं, पण बोलावल्याशिवाय कसं जायचं?

मग मंडळीतल्या पुष्पाबाईच्या मुलीचं दुखणं आलं. विषमज्वराने पोर सुकून गेली होती. डॉक्टरांनीही मान हलवली. उखर्डू तिच्या उशाशी गुडघे टेकून बसला आणि बऱ्याच वेळाने उठून म्हणाला, "ही उठेल. बाजाराच्या दिवशी भाकर मागेल." आपण असं का बोललो हे त्यालाही सांगता आलं नसतं. मळ्यात हाक आली होती तशीच आतून खात्री आली होती. बाजाराच्या दिवशी पोरीने डोळे उघडले आणि आईकडे भाकर मागितली.

त्यानंतर त्याची खोली कधी रिकामी राहिली नाही. शिंदखेड्यात संदेष्टा आला आहे, अशी बातमी दोंडाईच्यापर्यंत गेली. मूल होईल का, कोर्टात निकाल काय लागेल, हरवलेली म्हैस कुठे आहे, हे विचारायला माणसं येऊ लागली. उखर्डू सगळ्यांना सांगे, "मी ज्योतिषी नाही. तो बोलला तरच बोलेन." पण लोक बसत, चहा होई, कुणी गूळ-शेंगदाणे आणी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या दारात चपला दिसू लागल्या, आणि त्याला ते आवडू लागलं होतं.

एके दिवशी बेबाबाई आली. तिचा नवरा सुरतेच्या गिरणीत कामाला म्हणून गेला होता, त्याचा पत्ता नव्हता. खोलीत बरीच माणसं होती. मंडळीचे पाळकसाहेबही होते.

"भाऊ, बठ्ठा गाव म्हनस, तुमले देव सांगस," ती म्हणाली. "मना धनी जित्ता शे का? तेवढंच सांगा."

उखर्डूने डोळे मिटले. बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. तो वाट पाहत राहिला. आत काहीही नव्हतं. रिकाम्या हौदात डोकावावं तसं.

"बेबाबाई, मला काही ऐकू आलं नाही."

पाळकसाहेब त्याच्या कानाशी वाकले. "येईल म्हणा. आशा द्यायला काय जातं?"

"आशा माझी नाही ना द्यायला," उखर्डू म्हणाला. "त्याच्या नावाने खोटं कसं बोलू?"

बेबाबाईने पदर डोक्यावर ओढला. "पुष्पाबाईनी पोरकरता देव बोलना," ती म्हणाली, "मनाकरता नहीं?" आणि ती निघून गेली.

पुढेही दोघा-तिघांना त्याने हेच उत्तर दिलं. मग लोक येईनासे झाले. कुणी म्हणालं, त्याची शक्ती गेली. कुणी म्हणालं, त्याच्या हातून पाप घडलं असणार. संध्याकाळी तो खोलीच्या उंबऱ्यावर बसे. रस्त्याने जाणारी माणसं त्याला रामराम करत आणि पुढे जात. त्याला सगळ्यात जड हे जात होतं की देवही गप्पच होता. तो रोज प्रार्थना करी आणि रोज तीच शांतता असे.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात नशिराबादच्या एका व्यापाऱ्याने बाजारात निरोप दिला, की यशोदाबाईंचं काही खरं नाही. उखर्डूने पहिली गाडी पकडली. घरी पोचला तेव्हा आबा ओट्यावर होते. त्यांनी त्याला पाहिलं आणि तोंड फिरवलं. घरात ये म्हणाले नाहीत, जा असंही म्हणाले नाहीत. तो गोठ्यात बैलांच्या शेजारी जाऊन बसला.

भटू आला. धाकटा भाऊ आता कुटुंबाचा कर्ता दिसत होता. पण उभा राहिला तो लहानपणासारखाच, पायाने माती उकरत.

"भाऊ, तुले देव सांगतो म्हने. आमच्याकडंबी आयकलं आमी." त्याने मान वर केली. "मंग मले सांग, माय उठीन का?"

उखर्डूला आयुष्यात देवाचा कुठला शब्द हवा असेल तर तो या क्षणी. त्याने डोळे मिटले. नंतर मान हलवली. "मले माहीत नही, भटू. पन मी अठीच बसतो."

तो तिथेच बसून राहिला. आतून आईची धाप ऐकू येई. ताईबाई तिचं करत होती. तिने एकदा गोठ्याच्या दाराशी ताट ठेवलं. "तुमी जेवले का, माय इचारतात," ती म्हणाली. तो जेवल्याचं तिने आत कळवलं तेव्हा म्हातारी हसली, असं ताईबाईने परत येऊन सांगितलं.

यशोदाबाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. अग्नी भटूने दिला. उखर्डू सगळ्यांच्या मागे, लांबून चालला. नदीकाठावरून लोक परतल्यावरही तो चितेकडे पाहत थांबला.

तो परत निघाला तेव्हा ताईबाई मळ्याच्या वाटेवर उभी होती. तिच्या केसांत पांढरं आलं होतं.

"मायकरता काही आयकू आलं?" तिने विचारलं.

"नही."

"आन् माह्याकरता?"

"मी इचारलंच नही कधी," उखर्डू म्हणाला. "भ्या वाटे. देव नही म्हनला असता त?"

"मले तरी इचारायचं व्हतं," ताईबाई म्हणाली. "मी उत्तर देल्लं असतं."

"आता इचारतो. येशील?"

ताईबाईने घराकडे पाहिलं. ओट्यावर आबा एकटेच बसले होते. त्यांना आता दिसत कमी होतं. "त्याईले पानी कोन देईन?" ती म्हणाली. मग पदराआडून भाकरीचं फडकं काढून त्याच्या हातात दिलं. "धा वर्सांआधी आली असती मी."

ती वळली. तो स्टेशनकडे चालू लागला.

शिंदखेड्याला पोचल्यावर त्याने पाळकसाहेबांकडे तापीपलीकडच्या पाड्यांवर जायची परवानगी मागितली. तिकडे कुणी प्रचारक जायला तयार नसे. पुढची वर्षं तो त्या पाड्यांतून हिंडला. आजाऱ्याच्या उशाशी बसे, प्रार्थना करी. कुणी विचारलंच तर म्हणे, "मला कळत नाही, मी थांबतो." आणि थांबे. त्याला पुन्हा कधी हाक ऐकू आली का, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. एकदा एका भिल्ल म्हातारीने विचारलं, एवढ्या रानात एकटं हिंडायला कंटाळा येत नाही का. तो म्हणाला, "येतो." आणि कंदिलाची काच पुसून पुढच्या पाड्याच्या वाटेला लागला.