दोन बोटं कमी

परवा ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर लग्नातला तो केशरी फेटा हाती लागला. आमच्याकडे माणसाची उंची फूट-इंचातच सांगतात. माझी पाच फूट सहा इंच, आणि तेवढ्यावरून दोन स्थळं परत गेलेली. मग जळगावच्या एका मुलाचा बायोडाटा मोबाईलवर आला. त्यात उंची लिहिली होती एकशे चौसष्ट सेंटिमीटर. एवढा मोठा आकडा बघून वडील खूश झाले, ‘‘चांगला उंच दिसतोय,’’ म्हणाले, आणि त्याचे फूट किती होतात ते बघायचं कुणालाच सुचलं नाही. मुलगा धुळ्याला आमच्या घरी आला, पोहे झाले, तोवर सगळे बसलेलेच. तो हात धुवायला उठला, मी पाणी द्यायला उठले, आणि तो माझ्याहून बुटका निघाला. वडिलांनी मान खाली घातली. दोंडाईच्याची आत्या मात्र पुढे आली, आम्हां दोघांना भिंतीला टेकवून उभं केलं, त्याच्या डोक्यावर आडवी बोटं धरली आणि म्हणाली, ‘‘दोन बोट कमी शे पोऱ्या. पन फेटा बांधा का भराई जाई!’’ सगळ्यांत आधी तोच हसला, अगदी कान लाल होईपर्यंत, आणि माझं तिथंच ठरलं. लग्नाच्या फोटोत फेट्यानं ती दोन बोटं भरून निघालीत, तो माझ्याहून उंच दिसतो. परवा माझ्या हातातला फेटा बघून त्यानं विचारलं, ‘‘हा आता कुणाला देऊन टाकायचा का?’’ मी म्हटलं, ‘‘राहू दे. दोन बोटं अजून कमीच आहेत.’’